शर्यतीनंतरची दहा वर्षं

जुलै २०१८ मध्ये मकावमधलं ‘कॅनिड्रोम’ हे ग्रेहाउंड शर्यतींचं मैदान कायमचं बंद झालं. सरकारनं दिलेली मुदत संपली होती. सट्ट्याच्या खिडक्या मिटल्या, दिवे मालवले, माणसं आपापल्या घरी गेली. कुत्र्यांना जायला घर नव्हतं. पाचशेहून अधिक ग्रेहाउंड मैदानातल्या पिंजऱ्यांत मागं राहिले. ‘अ‍ॅनिमा’ या तिथल्या प्राणी संस्थेनं जगभर हाक दिली आणि पुढच्या काही महिन्यांत ही कुत्री विमानानं इटली, ब्रिटन, अमेरिका अशा देशांतल्या घरांत पोहोचली.

त्याआधी आठ वर्षं, याच मैदानातून कुत्र्यांना बाहेर पडायची एकच वाट होती. २०१० या एका वर्षात तिथं ३८३ कुत्री मारली गेल्याचं तेव्हाच्या बातम्यांनी उघड केलं होतं. सरासरी काढली तर दिवसाला एकाहून जास्त. ओळीनं पाच शर्यतींत पहिल्या तिघांत नंबर आला नाही, एवढंच कारण त्यासाठी पुरत असे. २०१० ची कुत्री आणि २०१८ ची कुत्री एकाच जातीची, एकाच वयाची, सारख्याच स्वभावाची. फरक पडला तो एवढ्यानं की दुसऱ्या वेळी त्यांच्यासाठी कुणीतरी घराचं दार उघडून बसलं होतं.

ग्रेहाउंड दीड वर्षाच्या आसपास शर्यतीत उतरतो आणि तीन-चार वर्षांचा झाला की बहुतेकदा बाजूला काढला जातो. दुखापत झाली तर त्याच्याही आधी. त्याचं आयुर्मान मात्र बारा ते चौदा वर्षांचं असतं. म्हणजे धावण्याची दोन-तीन वर्षं, आणि त्यापुढं उरलेली जवळजवळ दहा. पहिल्या दोन-तीन वर्षांवर एक मोठा धंदा उभा आहे. पुढच्या दहा वर्षांची जबाबदारी कुणी घ्यायची, आज ती कोण घेतं, आणि घ्यायची ठरवली तर घरात नेमकं काय करावं लागतं, हे सगळं एकत्र पाहिल्याशिवाय निवृत्त ग्रेहाउंड दत्तक घेण्याचा विचार पुरा होत नाही.

यांत्रिक सशामागं

ग्रेहाउंड नजरेनं शिकार करणारा कुत्रा. जमीन हुंगत माग काढण्यापेक्षा लांबवर हललेलं काही दिसताच त्यामागं सुटणं हे त्याच्या रक्तात आहे. इंग्लंडमध्ये मोकळ्या शिवारात जिवंत सशामागं दोन ग्रेहाउंड सोडून त्यावर पैजा लावण्याची रीत जुनी होती. त्यातली सर्वांत मानाची ‘वॉटर्लू कप’ ही स्पर्धा १८३६ मध्ये सुरू झाली आणि २००५ मध्ये संपली, कारण २००४ च्या शिकारबंदी कायद्यानं सशाचा असा पाठलाग बेकायदा ठरवला.

मैदानावरची शर्यत ही त्यामानानं अलीकडची गोष्ट. ओवेन पॅट्रिक स्मिथ या अमेरिकन माणसानं रुळावरून पळणारा यांत्रिक ससा तयार केला आणि १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथं त्यासाठी मैदान उभं राहिलं. ब्रिटनमधली पहिली अशी शर्यत २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर झाली. पहिल्या रात्री जेमतेम १,७०० प्रेक्षक आले, पण काही आठवड्यांतच तिथं गर्दी उसळू लागली. घोड्यांच्या शर्यती दिवसा आणि गावाबाहेर व्हायच्या. कुत्र्यांच्या शर्यती संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात, शहराच्या आत. गिरणीतून सुटलेल्या कामगाराला पायी जाता येईल असा हा खेळ होता आणि म्हणून तो वणव्यासारखा पसरला. १९२७ मध्ये बेलफास्ट आणि डब्लिनमध्ये मैदानं सुरू झाली. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं इंग्लिश डर्बी जिंकणारा ‘मिक द मिलर’ सिनेमातल्या नटाइतका प्रसिद्ध झाला. त्याचा पेंढा भरलेला देह आजही ट्रिंगच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात काचेआड उभा आहे. त्याच्यामागून धावलेल्या असंख्य कुत्र्यांची नावंही आज कुणाच्या लक्षात नाहीत.

शर्यतीची रचना साधी असते. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये सहा कुत्री, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत आठ. प्रत्येकाच्या अंगात क्रमांकाच्या रंगाचं जाकीट, तोंडाला मुसकं. पेटीची दारं उघडतात आणि ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या वेगानं सगळी एकाच वळणाकडं झेपावतात. ४८० मीटरची धाव अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. शर्यत घड्याळाच्या उलट दिशेनं असते, त्यामुळं प्रत्येक वळणावर उजव्या मागच्या पायावर सगळा भार येतो. त्याच घोट्यातलं एक छोटं हाड मोडणं ही या खेळातली ओळखीची दुखापत. पहिल्या वळणावर कुत्री एकमेकांवर आदळतात, तेही नेहमीचंच. निवाऱ्यातून घरी आणलेल्या कुत्र्याच्या पायावर जुना जोड हाताला लागला, तर त्याचं मूळ बहुधा अशाच एखाद्या वळणावर असतं.

गळती कुठं होते

धंद्याचा हिशेब वेगावर चालतो आणि कोणतं पिल्लू वेगवान निघेल हे आधी कळत नाही. म्हणून लागतील त्यापेक्षा जास्त पिल्लं जन्माला घातली जातात. ब्रिटनमध्ये धावणाऱ्या दहा ग्रेहाउंडांपैकी आठांहून अधिक आयर्लंडमध्ये जन्मलेले असतात. काही पिल्लं मैदानापर्यंत पोहोचतच नाहीत. पोहोचलेल्यांपैकी काही लवकर मागं पडतात, काही जायबंदी होतात. या प्रत्येक टप्प्यावर काही कुत्री नोंदीतून गळतात.

ती कुठं जातात, हे कळायला प्रत्येक देशात एखादा गौप्यस्फोट व्हावा लागला. २००६ मध्ये ‘संडे टाइम्स’नं ईशान्य इंग्लंडमधल्या सीहॅम गावातला एक माणूस उघड केला. तो पैसे घेऊन नको झालेले ग्रेहाउंड मारायचा आणि मागच्या जमिनीत पुरायचा. पंधरा वर्षांत तिथं दहा हजारांवर कुत्री गेल्याचा अंदाज होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ‘फोर कॉर्नर्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमानं जिवंत प्राणी आमिष म्हणून बांधून कुत्र्यांना सराव देणारे प्रशिक्षक कॅमेऱ्यात पकडले. त्यानंतर न्यू साउथ वेल्समध्ये माजी न्यायमूर्ती मायकल मॅकह्यू यांची चौकशी बसली. त्या एका राज्यात आधीच्या बारा वर्षांत ४८,८९१ ते ६८,४४८ कुत्री केवळ पुरेशी वेगवान नाहीत म्हणून मारली गेली असावीत, असं त्यांच्या २०१६ च्या अहवालात नोंदलं गेलं. आयर्लंडमध्ये २०१९ साली आरटीई वाहिनीनं दाखवलेल्या कार्यक्रमात वर्षाला सुमारे सहा हजार कुत्री मारली जात असल्याचा अंदाज पुढं आला. तो अंदाज उद्योगानं स्वतःच करवून घेतलेल्या अहवालातला होता.

ब्रिटनच्या ग्रेहाउंड मंडळानं २०१८ पासून आकडे जाहीर करायला सुरुवात केली. त्या पहिल्या वर्षी ४,९६३ दुखापती आणि ९३२ मृत्यू नोंदले गेले. त्यातल्या १७५ कुत्र्यांचे प्राण उपचाराचा खर्च नको म्हणून घेतले गेले. पुढच्या वर्षांत हा शेवटचा आकडा जवळजवळ शून्यावर आला आणि खेळातून बाहेर पडून चांगली सोय झालेल्या कुत्र्यांचं प्रमाण ८८ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत ९४ टक्क्यांवर गेलं. ही सुधारणा खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण परवानाधारक मैदानांच्या नोंदीत आलेल्या कुत्र्यांचीच ही टक्केवारी आहे. जे पिल्लू कधी मैदानावर उतरलंच नाही, ते या शंभरात मोजलेलंच नाही.

घरांची चळवळ

शर्यतीचा कुत्रा घरात ठेवता येतो, हे पन्नास वर्षांपूर्वी बहुतेकांना पटत नसे. तोंडाला मुसकं, डोळ्यांपुढं सदा ससा, म्हणजे हा खुनशी प्राणी, असाच समज होता. मुसकं असतं ते धावताना कुत्र्यांनी एकमेकांना चावू नये आणि निकालाच्या छायाचित्रात नाकाची टोकं ओळखता यावीत म्हणून, हे सांगणारं कुणी नव्हतं.

ब्रिटनमध्ये १९७५ साली ‘रिटायर्ड ग्रेहाउंड ट्रस्ट’ सुरू झाला. तोच आजचा ‘ग्रेहाउंड ट्रस्ट’. अमेरिकेत १९८२ मध्ये फ्लोरिडात रॉन वॉल्सेक यांनी निवृत्त ग्रेहाउंड पाळण्यासाठी देण्याची मोहीम उभी केली, तर १९८७ मध्ये ‘ग्रेहाउंड पेट्स ऑफ अमेरिका’ ही संस्था निघाली. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात १९९६ पासून ‘ग्रेहाउंड अडॉप्शन प्रोग्रॅम’ चालू आहे. डिसेंबर १९८९ मध्ये ‘द सिम्प्सन्स’ या कार्टून मालिकेचा पहिला भाग लागला, त्यात शेवटच्या नंबरावर आलेला आणि मालकानं हाकलून दिलेला ग्रेहाउंड एक कुटुंब घरी घेऊन येतं. लाखो मुलांनी निवृत्त ग्रेहाउंड पहिल्यांदा पाहिला तो असा. व्हिक्टोरियात पाळीव ग्रेहाउंडाला रस्त्यावर मुसकं बांधण्याची सक्ती मात्र २०१९ पर्यंत टिकून होती. ती उठायला कुत्र्यांनी वीस वर्षं घरोघरी निमूट राहून साक्ष द्यावी लागली.

या चळवळीची खरी परीक्षा फ्लोरिडात झाली. अमेरिकेत तेव्हा उरलेल्या १७ मैदानांपैकी ११ तिथं होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या ६९ टक्के मतदारांनी शर्यती बंद करण्याच्या बाजूनं कौल दिला आणि ३१ डिसेंबर २०२० ही अखेरची तारीख ठरली. हजारो कुत्री रस्त्यावर येतील, मारावी लागतील, असं भाकीत धंद्यातली माणसं करत होती. दोन वर्षांची मुदत मिळाल्यानं संस्थांनी आधीच घरं शोधून ठेवली आणि शेवटी कुत्र्यांपेक्षा मागणीच जास्त निघाली. आज अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात दोनच मैदानं उरली आहेत आणि देशातल्या दत्तक संस्था आयर्लंड व ऑस्ट्रेलियातून कुत्री आणून घरं देत आहेत. बंदी म्हणजे कुत्र्यांना मृत्युदंड, हा युक्तिवाद फ्लोरिडानंतर टिकत नाही. त्यासाठी मुदत लागते, पैसा लागतो आणि घरांची यादी आधी तयार असावी लागते.

उंबरठ्याच्या आत

आता त्या घराकडं वळू. लंडनच्या उपनगरात, मेलबर्नमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबानं निवृत्त ग्रेहाउंड आणायचं ठरवलं, तर पहिल्या दिवशी दारात उभा राहतो तो तीन-चार वर्षांचा, तीसेक किलोचा, पूर्ण वाढ झालेला कुत्रा. घर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. तो जन्मापासून केनेलमध्ये राहिलेला असतो. जिना त्यानं कधी चढलेला नसतो, म्हणून पहिल्या पायरीशी तो थरथरत उभा राहतो. काचेचं दार दिसत नाही, त्यावर तो आपटू शकतो. पहिल्या दिवशी काचेवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून ठेवाव्यात. आरशातला कुत्रा, वॉशिंग मशीनची घरघर, मिक्सरचा आवाज, टीव्हीतली माणसं, सगळंच नवं. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तिथं सतरंजी टाकली की तो धीर करून चालतो. कोपरं आणि कुल्ले हाडकुळे असल्यानं त्याला मऊ बिछाना लागतो. घरातली जुनी गोधडी चौपदरी घालून दिली तर ती त्याची होऊन जाते.

लोकांची सर्वांत मोठी चूक त्याच्या व्यायामाबद्दल असते. एवढा वेगवान कुत्रा म्हणजे दिवसभर पळवावा लागेल, मोठं अंगण लागेल, असं वाटतं. तो दिवसाचा बहुतेक वेळ झोपतो, तोही पाठीवर उताणा, चारी पाय हवेत टाकून. वीस-तीस मिनिटांचे दोन फेरफटके त्याला पुरतात आणि फ्लॅटमध्येही तो सुखानं राहतो. भुंकणं कमी, अंगाचा वास कमी, केस आखूड. बसणं त्याच्या शरीराला अवघड जातं, म्हणून तो उभा राहतो नाहीतर आडवा होतो. माणूस आवडला की त्याच्या मांडीला सगळा भार टाकून टेकून राहतो. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना हे आधी सांगून ठेवावं, म्हणजे ती घाबरणार नाहीत आणि तोल जाऊन पडणारही नाहीत.

काळजीच्या गोष्टीही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. मोकळ्या जागेत त्याला कधीही पट्ट्याविना सोडू नये. मांजर, खार किंवा वाऱ्यानं उडालेली पिशवी दिसली तरी तो सुटतो, आणि एकदा सुटला की हाक त्याच्या कानात शिरत नाही. काही सेकंदांत तो रस्त्यापलीकडं गेलेला असतो. त्याचं डोकं मानेपेक्षा अरुंद असल्यानं साधा गळपट्टा निसटून येतो. ओढल्यावर थोडा आवळणारा रुंद ‘मार्टिंगेल’ पट्टा घ्यावा लागतो. घरात मांजर असेल तर संस्थेला आधी सांगावं. चांगल्या संस्था कुत्र्याची मांजरासमोर चाचणी घेतात. काही ग्रेहाउंड मांजराशेजारी झोपतात, काहींना मांजराच्या घरात कधीच ठेवता येत नाही, आणि हे कोणत्याही मायेनं बदलत नाही.

झोपेतल्या ग्रेहाउंडाला अचानक हात लावू नये, हा नियम मुलांना पहिल्या दिवशी शिकवावा. काहीजण डोळे अर्धे उघडे ठेवून झोपतात आणि दचकून उठताना गुरगुरतात, कधी तोंडही मारतात. केनेलमध्ये झोपेत त्याला कुणी शिवलेलं नसतं. लांबून नावानं हाक मारावी, तो जागा झाला की मग जवळ जावं. दुसरी अडचण एकटेपणाची. केनेलमध्ये बाजूला नेहमी दुसरी कुत्री होती. घरात सगळे कामाला गेले की तो आयुष्यात पहिल्यांदा एकटा पडतो. पहिले काही आठवडे दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग एक तास असं करत त्याला सवय लावावी लागते. दोघंही दिवसभर कचेरीत असतील आणि सुट्टी काढता येत नसेल, तर कुत्रा आणण्याचा दिवस पुढं ढकलावा. काहीजण फिरायला गेल्यावर रस्त्यात खांबासारखे थिजून उभे राहतात. ओढाताण न करता त्यांच्याबरोबर थांबणं हाच त्यावर उपाय.

मराठी स्वयंपाकघरासाठी एक सूचना. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात. फोडणीची भाजी-आमटी प्रेमापोटी त्याच्या थाळीत जाऊ नये. दिवाळीच्या आगेमागे ब्रिटनमध्ये ‘बॉनफायर नाइट’चे फटाकेही वाजतात. त्या पंधरवड्यात कुत्र्याला अंधार पडण्याआधी फिरवून आणावं आणि खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत.

जाणता डॉक्टर

ग्रेहाउंडाचं शरीर इतर कुत्र्यांहून इतकं वेगळं असतं की त्याच्याकडं नेहमीच्या मोजपट्टीनं पाहणारा डॉक्टर चुकू शकतो. त्याच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त असतं, प्लेटलेट्स कमी असतात, थायरॉइडचे आकडेही नैसर्गिकपणे कमीच येतात. दुसऱ्या जातीत हे आकडे आजाराची खूण ठरतात, याच्यात ते निरोगीपणाचे असतात. तांबड्या पेशी भरपूर आणि रक्तगट अनेकदा इतर कुत्र्यांना चालणारा, म्हणून निवृत्त ग्रेहाउंड पशुवैद्यकीय रक्तपेढ्यांचे मोलाचे दाते ठरले आहेत.

अंगावर चरबी जवळजवळ नाही आणि काही औषधं यकृतात सावकाश विघटित होतात, म्हणून थायोपेंटालसारख्या जुन्या भुलीच्या औषधातून तो लवकर शुद्धीवर येत नाही. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांशी याबद्दल बोलून घ्यावं. कातडी पातळ असते, काटेरी कुंपणावर सहज फाटते. थंडीत कोट आणि उन्हात सावली दोन्ही लागतात. दात बहुधा वाईट अवस्थेत असतात आणि सुरुवातीचा मोठा खर्च तिथंच होतो. तळपायात कुरूप होणं ही तर या जातीची खास व्यथा. वय वाढल्यावर हाडांच्या कर्करोगाचा धोका इतर जातींपेक्षा जास्त असतो, त्यामुळं लंगडणं अंगावर काढू नये. हे वाचून बिचकायचं कारण नाही. बाकी ही जात काटक आहे. फक्त घरी आणण्याआधी ग्रेहाउंड तपासलेला पशुवैद्य शोधून ठेवावा.

दत्तक आणि धंदा

आता या प्रश्नातला सर्वांत नाजूक भाग. दत्तक संस्था कुत्र्यांना घरं देतात, त्यामुळं शर्यतीच्या धंद्याला ‘आमची कुत्री सुखात निवृत्त होतात’ असं म्हणता येतं. मग दत्तक घेणारा धंद्याचाच भार हलका करतो का?

या प्रश्नावर संस्थांमध्येच दोन तट आहेत. काही संस्था मालक आणि प्रशिक्षकांशी संबंध राखतात, कारण संबंध तुटले तर कुत्री त्यांच्या दारापर्यंत यायचीच नाहीत, अशी त्यांची भीती आहे. काहींना शर्यतीच बंद व्हायला हव्या आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये आरएसपीसीए, डॉग्ज ट्रस्ट आणि ब्लू क्रॉस या ब्रिटनमधल्या तीन मोठ्या संस्थांनी पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं शर्यती बंद करण्याची मागणी केली. तिकडं ब्रिटनच्या ग्रेहाउंड मंडळानं २०२० पासून प्रत्येक कुत्र्याच्या नोंदणीवेळी ४०० पौंडांची रक्कम बाजूला ठेवण्याची योजना आणली. निम्मी मालकानं द्यायची, निम्मी मंडळानं. कुत्रा निवृत्त झाला की ती निवारा केंद्राला मिळते. नोंदणीच्याच वेळी निवृत्तीचा पैसा काढून ठेवणं ही कल्पना योग्य आहे. पण नसबंदी, दात, लसी आणि घर मिळेपर्यंतचा महिनोन्‌महिन्यांचा सांभाळ एवढ्या पैशात भागत नाही, आणि उरलेला खर्च देणगीदारच भरतात.

माझं मत सांगतो. दोन्ही तट दत्तक घेणाऱ्याकडून एकच गोष्ट मागतात, कुत्र्याला घर, आणि ती द्यायलाच हवी. समोर उभा असलेला कुत्रा तत्त्वचर्चा संपेपर्यंत पिंजऱ्यात थांबू शकत नाही. मात्र त्याला घरी आणलं म्हणजे प्रश्न मिटला, असं दत्तक घेणाऱ्यानं मानू नये. घरांची संख्या वाढवून हा हिशेब कधीच जुळणार नाही. जन्माला घातल्या जाणाऱ्या पिल्लांची संख्या कमी होईल तेव्हाच तो जुळेल. म्हणून ज्यानं कुत्रा आणला त्यानं आपल्या प्रतिनिधीला पत्रही लिहावं आणि आकडेही विचारावेत. किती पिल्लं जन्मली, किती मैदानावर उतरली आणि उरलेली कुठं आहेत?

काही सरकारं या प्रश्नापर्यंत पोहोचली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशानं २०१८ मध्ये शर्यतींवर बंदी घातली. न्यू साउथ वेल्सच्या सरकारनं जुलै २०१६ मध्ये बंदी जाहीर केली आणि दबावापुढं ऑक्टोबरात ती मागं घेतली. न्यूझीलंडनं डिसेंबर २०२४ मध्ये जुलै २०२६ पर्यंत शर्यती थांबवण्याची घोषणा केली, तेव्हा सुमारे २,९०० कुत्र्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही सरकारनं सोबतच मांडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये वेल्सच्या सरकारनंही बंदीचा निर्णय सांगितला.

आपल्याकडची सडपातळ कुत्री

ग्रेहाउंडाच्या शर्यतीची मैदानं महाराष्ट्रात नाहीत, पण त्याच घडणीची कुत्री आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कारवान आणि पश्मी ही नावं मराठवाडा आणि दख्खनच्या खेड्यांत कुणालाही विचारावीत. त्यांच्याच नात्यातल्या मुधोळ हाउंडला घोरपडे घराण्याच्या राजाश्रयानं नाव मिळालं. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट आणि नजरेवर चालणारी शिकार, सगळं तेच. पूर्वी ही कुत्री ससा धरायला ठेवत. वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार बेकायदा आहे. मग काही ठिकाणी जत्रांमधल्या शर्यती उरल्या, काही ठिकाणी हौस म्हणून विकत घेणं उरलं. शहरात वेग पाहून भुललेल्या माणसानं असं पिल्लू आणावं, वर्षभरात ते आवरेनासं व्हावं आणि कुणीतरी त्याला रस्त्यावर सोडावं, असं घडतं. पंजाबच्या ग्रामीण खेळांत धावणाऱ्या ग्रेहाउंडांबाबतही हाच प्रश्न उभा राहतो.

टाकून दिलेल्या कुत्र्यांना आसरा देण्याची परंपरा मुंबईला नवी नाही. १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या इंग्रज सरकारच्या हुकमाविरुद्ध शहरात दंगा उसळला होता. त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. मारण्याऐवजी सांभाळायचं, ही गोष्ट या शहरानं जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी मान्य केली आहे. पांजरपोळ आसरा देते. त्यापुढची पायरी घराची आहे, आणि निवृत्त ग्रेहाउंडांच्या चळवळीनं जगाला काही शिकवलं असेल तर ती पायरी.

म्हणून परदेशातल्या मराठी वाचकाला एक विनंती. कुत्रा आणायचा विचार असेल, तर पिल्लू विकत घेण्याआधी एकदा जवळच्या ग्रेहाउंड निवाऱ्यात जाऊन या. घरातल्या सगळ्यांना घेऊन जा. संस्थेला सगळं खरं सांगा, मांजर आहे, लहान मूल आहे, घर भाड्याचं आहे, दर वर्षी महिनाभर भारतात जायचं असतं. त्या काळात कुत्र्याला कोण ठेवेल, हे आधी ठरवा. शंका असेल तर आधी काही आठवडे तात्पुरता सांभाळायला घ्या. इथल्या वाचकाला विनंती अशी की कारवान किंवा पश्मी पाळायची असेल, तर तिच्या धावण्याच्या वयाबरोबर म्हातारपणाचाही विचार करून आणा, आणि जमलं तर कुणी सोडून दिलेलीच आणा.

ग्रेहाउंड दोन-तीन वर्षं माणसासाठी धावतो. त्यानंतरची दहा वर्षं त्याला फक्त एक मऊ गोधडी, दोन वेळचं खाणं आणि टेकायला एक मांडी लागते.